एका बिल्ल्याची गोष्ट

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत 'गिव्हिंग वीक' का कायसा प्रकार झाला. कॅफेटेरियाच्या दारात टेबल मांडून एचआरच्या मुली कापडी पिशव्या विकत होत्या. पिशवीवर एका लहान मुलीचं पोर्ट्रेट. एका पोर्ट्रेट करणाऱ्या चित्रकाराने ते चित्र फुकट दिलेलं, आणि पिशवीचे पैसे मुलींच्या शाळेला जाणार. चारशे रुपये. मी घेतली. खरं सांगायचं तर निम्मी चांगल्या कामासाठी घेतली आणि निम्मी टीममधल्या सगळ्यांनी घेतली म्हणून.

चित्र छान आहे. विस्कटलेल्या वेण्या, मोठाले डोळे, आणि ते डोळे वर बघणारे... आपल्यापेक्षा उंच अशा कुणाकडे तरी. सहा-सात महिने ती पिशवी घेऊन मी ऑफिसला गेलो, भाजी आणली, एकदा लग्नालाही नेली. मग दिवाळीत बहीण आली, तिची सहा वर्षांची मुलगी पिशवीसमोर बसून राहिली आणि म्हणाली, "मामा, हिचं नाव काय?"

"माहीत नाही गं."

"मग तू तिला घेऊन का फिरतोस?"

झालं. आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी चकली पुढे केली आणि विषय बदलला. पण डोक्यात किडा राहिलाच, आणि त्याने मला थेट सव्वादोनशे-अडीचशे वर्षं मागे नेलं. कारण असाच एक प्रकार मी आधी पाहिला होता. लंडनला ऑनसाइट असताना, एका पावसाळी रविवारी (तिथे बाकीचे रविवार कुठले असतात म्हणा!), ब्रिटिश म्युझियममध्ये. तिकीट नाही आणि महिनाअखेर, या दोन कारणांनी मी त्या म्युझियमला बऱ्याचदा जायचो. तिथे काचेमागे एक छोटासा लंबगोल बिल्ला आहे. तीनएक सेंटिमीटरचा. पांढऱ्या जमिनीवर एक काळा माणूस, एक गुडघा टेकलेला, हातापायांत साखळदंड, जोडलेले हात वर उचललेले. कडेने इंग्रजीत अक्षरं कोरल्यासारखी उठलेली, त्यांचा अर्थ : मी माणूस नाही का? तुमचा भाऊ नाही का?

साल १७८७. चांगल्या कामासाठी अंगावर मिरवायची वस्तू म्हणून हा बिल्ला गाजला. आपण आज मनगटावर रबरी पट्ट्या घालतो, छातीला रिबिनी लावतो, त्यांच्या खापरपणजोबांत याची गणना करायला हरकत नाही. तर आजची गोष्ट या बिल्ल्याची, तो घडवणाऱ्या माणसाची, आणि त्यावर गुडघे टेकून बसलेल्याची.

आधी मालकाची ओळख करून देतो, म्हणजे जोसाया वेजवुडची. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या कुंभारघराण्यात १७३० साली जन्म. लहानपणी देवी आल्या, त्यात उजव्या गुडघ्याचं कायमचं नुकसान झालं. पायाने चाक फिरवणं जमेना, म्हणून हा गडी माती आणि झिलईच्या प्रयोगांकडे वळला, असं चरित्रकार सांगतात. १७६८ साली तो पाय कापावाच लागला. भूल देण्याचं औषध अजून यायचं होतं, हे लक्षात घ्या. पुढचं आयुष्य लाकडी पायावर.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हा माणूस लगेच आवडेल. प्रत्येक प्रयोगाच्या तुकड्याला नंबर, तोच नंबर वहीत, आणि वहीतली कृती सांकेतिक भाषेत, म्हणजे कामगार फोडून नेला तरी गुपित फुटू नये. व्हर्जन कंट्रोल आणि एन्क्रिप्शन, दोन्ही एकाच वहीत! भट्टीचं तापमान मोजायचं स्वतःचं साधन त्याने बनवलं, त्यासाठी १७८३ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आणि हजारो चाचण्या करून १७७० च्या दशकात त्याने 'जॅस्पर' नावाची एक माती सिद्ध केली. बेरियम असलेलं एक खनिज मिसळलेली, दगडासारखी घट्ट, हवा तो रंग पोटातच धरणारी. निळ्या जमिनीवर पांढऱ्या उठावाच्या ग्रीक बायका असलेली ती सुप्रसिद्ध भांडी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. तीच ही.

पण वेजवुडची खरी अक्कल दुकानदारीतली होती. राणी शार्लटने त्याच्याकडून चहाचा सेट घेतला, तर याने त्या साध्या पिवळसर मालाचं नावच 'क्वीन्स वेअर' करून टाकलं, आणि राणीचं नाव लागलेला माल तिच्या प्रजेला चढ्या भावाने विकला. लंडनला शोरूम काढली. वस्तू किती चांगली आहे यापेक्षा ती फॅशनमध्ये आहे की नाही याला कितीतरी जास्त वजन आहे, असं त्याने एका पत्रात सरळ लिहून ठेवलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कारागीर. विल्यम हॅकवुड १७६९ साली, पोरवयातच, वेजवुडच्या एट्रुरिया कारखान्यात लागला. मालकाने पत्रात 'हुशार पोरगा' म्हणून नोंद केली. पोरगा खरंच हुशार निघाला, आणि त्याची खासियत म्हणजे पोर्ट्रेट. ब्रशने नाही, मेणाने आणि मातीने. त्या काळी श्रीमंतांना आपला चेहरा छोट्या लंबगोलात उठवून घ्यायची हौस होती. अंगठीत बसवा, गळ्यात घाला, भिंतीवर लावा. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांचे चेहरे हॅकवुडच्या हातून गेले. खुद्द वेजवुडचाही त्यानेच केला.

मला त्याचं सगळ्यात आवडतं काम मात्र तिसरंच आहे. कारखान्यात एडवर्ड बोर्न नावाचा एक म्हातारा गवंडी होता, विटांचं काम करणारा. १७७९ च्या सुमाराला हॅकवुडने त्याचं पोर्ट्रेट केलं. राजाचं करतात तसंच, त्याच मातीत, तेवढ्याच मन लावून. बघून मालक खूष. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक घळ आलीये, हा तोच आहे, अशा अर्थाचं त्याने आपल्या भागीदाराला कळवलं. विचार करा, अठराव्या शतकात एका गवंड्याचा चेहरा राजाच्या शेजारी बसायच्या लायकीचा वाटणं, ही लहान गोष्ट नाही.

याच हॅकवुडवरून मालक आणि भागीदारात आणखी एक पत्रव्यवहार झालाय. पठ्ठ्याने काही पुतळ्यांच्या खांद्याखाली गुपचूप आपलं नाव घातलं. वेजवुडच्या ते नजरेला आलं. आता मी हे थांबवणार, असं तो म्हणतो. पण नव्याने केलेल्या कामावरही नाव घालू दिलं नाही तर पोरगा दुखावला जाईल का, अशी धाकधूकही त्याला आहे. कारखान्याचा माल म्हणजे कारखान्याचं नाव. (कोडमध्ये कॉमेंटीत आपलं नाव लिहिणारे आणि ते काढायला लावणारे लीड, दोघांनाही इथे ओळखीचं वाटेल.) म्हणजे या माणसाला नावाची किंमत कळत होती. स्वतःच्याही, आणि म्हाताऱ्या बोर्नच्याही.

आता १७८७ मध्ये येऊ. २२ मे रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जण जमले आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कमिटी स्थापन केली. बारातले नऊ क्वेकर. हा ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. दागिना नको, झालर नको, भडक रंग नको. त्या वेळी ब्रिटिश जहाजं दरवर्षी हजारो आफ्रिकन माणसं कोंबून अटलांटिकपार नेत होती, मुख्यतः वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर. या जहाजांचं सगळ्यात मोठं बंदर लिव्हरपूल. आणि वेजवुडचा माल परदेशी जायचा तोही कालव्याने लिव्हरपूललाच यायचा. तो कालवा व्हावा म्हणून सगळ्यात जास्त धडपड वेजवुडनेच केली होती. म्हणजे लांबचा तमाशा नव्हता तो. त्याच धक्क्यावरचा होता.

कमिटीला पत्रांवर लाखेचा शिक्का मारायला चित्र हवं होतं. तिघांवर काम सोपवलं, ऑक्टोबरात नमुना मंजूर झाला : गुडघे टेकलेला माणूस आणि तो प्रश्न. वेजवुड त्याच वर्षी कमिटीवर आला. आणि त्याने त्या शिक्क्याचा जॅस्परमध्ये बिल्ला करायला घेतला. साचा घडवण्याचं श्रेय बहुतेक ठिकाणी हॅकवुडला दिलं जातं. काही जण हेन्री वेबर या कारखान्यातल्या दुसऱ्या कलाकारालाही वाटा देतात. नाव घालू न देण्याचा हा परिणाम!

करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. मोदकाचा साचा पाहिलाय ना? तसंच. प्लास्टरच्या साच्यात काळी माती दाबायची, अलगद सोडवायची, पाण्याचा हात लावून पांढऱ्या चकतीवर चिकटवायची, मग भट्टीत. भट्टीत माती आकसते, म्हणून मूळ नमुना मोठा करावा लागतो. आणि आकसल्यावरही साखळीची कडी न् कडी मोजता आली पाहिजे. इथे हॅकवुडचा हात दिसतो. बरगड्या, दंडाचे स्नायू, मनगटातली बेडी, सगळं तीन सेंटिमीटरात.

एक गंमत बघा. वेजवुडच्या जॅस्परमध्ये नेहमी जमीन रंगीत आणि आकृती पांढरी असते. गोऱ्या देवता, गोरे राजे, गोरे तत्त्वज्ञ. इथे उलटं केलं. जमीन पांढरीशुभ्र आणि माणूस काळा. थॉमस क्लार्कसनने, म्हणजे घोड्यावरून देशभर फिरून पुरावे गोळा करणाऱ्या कमिटीच्या खंद्या कार्यकर्त्याने, आपल्या १८०८ च्या इतिहासात ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे.

बिल्ले निघाले, आणि वेजवुडने ते वाटले. स्वतःच्या खर्चाने. एकट्या क्लार्कसनला पाचशेच्या आसपास दिले. फेब्रुवारी १७८८ मध्ये एक पुडकं समुद्रापार फिलाडेल्फियाला, तिथल्या गुलामीविरोधी संस्थेच्या अध्यक्षांना गेलं. अध्यक्ष कोण, तर म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन. त्यांनी मे महिन्यात उत्तर धाडलं : मित्रांना वाटले, चित्र बघताना त्यांचे चेहरे बदलताना पाहिले, उत्तमात उत्तम पत्रकाने होईल तेवढा परिणाम या चित्राने होईल असं मला वाटतं. पत्रकं लिहिण्यात आणि छापण्यात हयात घालवलेला माणूस हे म्हणतोय.

मग ती फॅशन झाली. पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांच्या झाकणावर बिल्ला सोन्यात मढवून घेतला. बायकांनी ब्रेसलेटमध्ये बसवला, केसांत खोवायच्या पिनांना लावला. क्लार्कसन कौतुकाने लिहितो, की एरवी फालतू गोष्टींत रमणारी फॅशन एकदा तरी न्यायाच्या कामी आली. साध्या कपड्यांच्या क्वेकरांचा शिक्का लंडनच्या बैठकींत दागिना म्हणून मिरवायला लागला. वेजवुडला यात आश्चर्य वाटलं नसणार. त्याचं ते पत्रातलं वाक्य आठवा.

हसण्यावारी नेऊ नका हां. त्या काळात बायकांना मत नाही, पार्लमेंटला पाठवायच्या अर्जांवर सह्या घ्यायच्या त्या बहुतेक पुरुषांच्याच. एकट्या मँचेस्टरने दहा हजारांवर सह्या जमवल्या. आता अशा समाजात, जेवणाच्या टेबलावर, वेस्ट इंडीजमध्ये मळे असलेल्या पाहुण्याच्या समोर बसून बाईने चहा ओतायला हात पुढे केला आणि मनगटावर तो माणूस दिसला, तर ती एक शब्दही न बोलता बोलून गेली की! त्या ब्रेसलेटची हीच तर कमाल होती.

आणि चहात काय? साखर. १७९१ मध्ये विल्यम फॉक्सने साखर सोडा म्हणून पत्रक काढलं, ते धो धो खपलं. क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली, आणि घरात साखर आणायची का नाही हे ठरवणाऱ्या मुख्यतः बायका. बिल्ल्यापेक्षा हे अवघड. बिल्ला फुकट मिळतो, बिनसाखरेचा चहा रोज प्यावा लागतो. (माझ्या आजीने हे आंदोलन दुसऱ्या दिवशी मागे घेतलं असतं.)

इथे वेजवुडचा गुंता पण सांगायला हवा. हा चहाची भांडी विकणारा माणूस. इंग्लंडमध्ये घरोघरी चहा पोचला तो स्वस्त साखरेच्या पाठीवर बसून, आणि साखर स्वस्त होती ती गुलामांमुळे. ज्या भट्ट्यांत बिल्ला भाजला, त्या चालू राहिल्या साखरेच्या भांड्यांवर आणि किटल्यांवर. म्हणून तो ढोंगी होता असं मला म्हणायचं नाही. उलट, आपलं गिऱ्हाईक नाराज होईल हे माहीत असून त्याने पैसा आणि नाव दोन्ही लावलं. पण हिशेब मांडायचाच तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

आता माझ्या भाचीच्या प्रश्नाकडे येतो. या माणसाचं नाव काय?

नाही. त्याला नावच नाही. हॅकवुडसमोर कुणी बसलं नव्हतं. ज्याने गवंड्याच्या गालावरची घळ न् घळ पकडली, त्याच कारागिराच्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या कामात कुणाचाच चेहरा नाही. बोर्न हा बोर्न आहे. हा मात्र 'एक गुलाम' आहे. बाजूने दिसणारा, वर बघणारा, विनवणारा. कुणाला विनवतोय? बिल्ला घालणाऱ्याला. वर बघतोय तिथे, चित्राच्या बाहेर, आपण उभे आहोत. थोडे उंच, थोडे दयाळू. बिल्ला घातला की आपली उंची आपोआप वाढते.

समोर बसवायला कुणी मिळालं नाही म्हणावं, तर तसंही नाही. लंडनमध्ये तेव्हा हजारो काळे लोक राहत होते. बिल्ला निघाला त्याच साली, १७८७ मध्ये, ओटोबा क्युगोआनो नावाच्या माणसाचं गुलामीविरुद्धचं पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. लहानपणी आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून पळवून नेलेला, ग्रेनाडाच्या मळ्यावर राबलेला. लंडनमध्ये तो नोकर होता रिचर्ड कॉसवेकडे. आणि कॉसवे कोण? त्या काळचा सगळ्यात फॅशनेबल पोर्ट्रेट चित्रकार! हस्तिदंतावर एवढीएवढीशी पोर्ट्रेट करायचा, बायका ती लॉकेटमध्ये आणि ब्रेसलेटमध्ये घालायच्या. १७८४ च्या एका एचिंगमध्ये कॉसवे स्वतः आणि त्याची बायको बागेत बसलेत आणि एक काळा नोकर त्यांना द्राक्षं देतोय. तो क्युगोआनोच असावा असं मानतात. म्हणजे चित्रात तो आला, पण द्राक्षं घेऊन. पुस्तकात मात्र त्याने दया वगैरे मागितली नाही. हा व्यापार पाप आहे, आणि गप्प बसणारा प्रत्येक जण त्यात भागीदार आहे, असं त्याने तोंडावर सांगितलं.

दुसरा ओलाउदा इक्वियानो. त्याच्याच सांगण्याप्रमाणे आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखात जन्म, मग गुलामी, मग जहाजांवरची वर्षं. १७६६ साली त्याने स्वतः साठवलेल्या पैशांनी स्वतःला विकत घेतलं. हे वाक्य पुन्हा वाचा. स्वतःला विकत घेतलं. १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र काढलं. आधी वर्गणीदार गोळा केले, त्या पैशांत छापलं, हक्क स्वतःकडे ठेवले. त्याच्या हयातीतच नऊ आवृत्त्या निघाल्या. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याचं पोर्ट्रेट आहे, विल्यम डेंटन या चित्रकाराने केलेलं, डॅनियल ऑर्मने कोरलेलं. चांगला कोट, गळ्याशी पांढरा रुमाल, हातात उघडलेलं बायबल, आणि नजर सरळ आपल्याकडे. वर नाही, खाली नाही. समोर. पुस्तकावर नावं दोन्ही : त्याचं स्वतःचं, आणि मालकाने लादलेलं गुस्टाव्हस वासा.

वेजवुड आणि इक्वियानो एकमेकांना ओळखायचे. १७९३ मध्ये इक्वियानोला ब्रिस्टलला जायचं होतं, आणि तिथे त्याला जबरदस्तीने नौदलात भरती करतील अशी भीती होती, तेव्हा त्याने मदतीसाठी वेजवुडला पत्र लिहिलं. म्हणजे बिल्ल्यावरचा प्रश्न ज्याला विचारता आला असता असा एक खराखुरा माणूस मालकाच्या ओळखीत होता. तरी मनगटांवर गेला तो बिननावाचाच.

मी याच्यावर बराच विचार केला, आणि माझं मत दोनदा बदललं. आधी राग आला. मग वाटलं, समजा हॅकवुडने इक्वियानोचा चेहरा केला असता, सुरकुत्यांसकट, कोटासकट. ते ब्रेसलेट कुणी घातलं असतं? विरोधकांनी लगेच म्हटलं असतं, बघा, हा तर मजेत आहे. (इक्वियानो खरा आफ्रिकेतला नाहीच अशी आवई १७९२ मध्ये वर्तमानपत्रांनी उठवलीच होती.) बिननावाच्या माणसावर असं काही उठवता येत नाही. तो सगळ्यांचा असतो, म्हणून चालतो. प्रचाराचं चित्र म्हणून ते जमलंय यात शंका नाही. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे ५१९ अर्ज आले, त्यांवर जवळपास चार लाख सह्या होत्या. यात बिल्ल्याचा वाटा किती हे मोजायचं मीटर कुणाकडे नाही, पण ते चित्र तोवर पत्रकांवर, कपबश्यांवर, टोकन नाण्यांवर, सगळीकडे पोचलेलं होतं.

फक्त त्याची किंमत नंतर कळते. एकदा गुडघ्यावर बसवलेला माणूस उठायला फार वेळ लावतो. व्यापार बंद करणारा कायदा १८०७ चा. वेजवुड त्याआधीच, १७९५ मध्ये गेला. मग गुलामीच बंद करा म्हणून चळवळ पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी बायका उघडपणे पुढे होत्या. बर्मिंगहॅमच्या बायकांनी १८२५ मध्ये संस्था काढली आणि त्यांनी काय विकलं असेल? पिशव्या! हो, कापडी पिशव्या. रेशमी, साटिनच्या, आत पत्रकं आणि बातम्यांची कात्रणं भरलेली. गुलामांच्या हातचा कापूस नको म्हणून कापड मुद्दाम आपल्याकडचं, ईस्ट इंडीजचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे अशी एक आहे, बर्मिंगहॅमचे चित्रकार सॅम्युएल लाइन्स यांच्या चित्राची. आता बिल्ल्यावरच्या माणसाच्या जोडीला बाईही आली होती. तीही बहुतेक ठिकाणी गुडघ्यावरच.

१८३३ मध्ये कायदा झाला. सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे हो, मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. मी लंडनमध्ये असताना भरलेल्या टॅक्सातलेही चार पैसे त्यात गेले असणार, हे कळल्यावर मी जरा वेळ गप्प बसलो होतो. सुटलेल्या माणसांना एक पेनी मिळाली नाही, वर काही वर्षं 'उमेदवारी' म्हणून जुन्याच मालकाकडे राबायचं. विनवणाऱ्याला सुटका मिळते, भरपाई हक्काच्या माणसाला. आणि हक्काचा माणूस कोण, हे चित्राने आधीच ठरवून टाकलं होतं की काय, असं वाटून जातं.

आता आपल्या बाजूचं. १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये साखरेची भांडी निघाली, त्यांवर लिहिलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. ईस्ट इंडिया म्हणजे आपणच. आपल्याकडे गुलाम नव्हते? होते की. १८३३ च्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळलाच होता, इथला कायदा आला १८४३ मध्ये. आणि मळेवाल्यांना हात तर हवेच होते. १८३४ पासून मॉरिशसला भारतातून करारावरचे मजूर जायला लागले, पुढे साडेचार लाखांच्या आसपास गेले. त्यांतले बरेच कलकत्त्याहून आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटायची, कोकणातली, रत्नागिरीकडची माणसं घेऊन. मॉरिशसमध्ये आज जे मराठी आडनावांचे लोक आहेत, ते त्यांचे नातू-पणतू.

यांच्यासाठी कुणी बिल्ला काढला नाही. पण यांची पोर्ट्रेट आहेत! १८६० च्या दशकापासून तिथलं सरकार मजुरांचे फोटो काढायला लागलं. मळा सोडून पळालेला माणूस ओळखू यावा म्हणून परवान्याला फोटो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते सगळं दप्तर जपून ठेवलंय. फोटो, नंबर, नाव, बापाचं नाव, गाव. नजर सरळ कॅमेऱ्यात. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे लोक आज तिथे जाऊन ते फोटो काढून बघतात. पकडण्यासाठी लिहिलेलं नाव शोधण्याच्या कामी आलं.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही अपेक्षाही तिथेच लिहिली. शाळेत असताना 'गुलामगिरी' हे नुसतं शीर्षक पाठ केलं होतं. वेजवुडने ज्या अमेरिकेला पुडकं धाडलं होतं, तिथे गुलामी संपायला १८६५ उजाडलं, आणि त्यानंतर आठ वर्षांत ती गोष्ट एका मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर आली, हे मला पार परवापर्यंत सुचलं नव्हतं. त्या पुस्तकात गुडघ्यावर कुणीच नाही. धोंडीराव आणि जोतीराव समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं करतात, नावानिशी.

असो. हॅकवुड १८३२ पर्यंत कारखान्यात होता, साठाहून जास्त वर्षं एकाच ठिकाणी. (आमच्याकडे तीन वर्षं टिकला तर केक कापतात.) कायदा झाला तो पुढच्याच वर्षी.

पिशवीवरची मुलगी कोण, हे विचारायला मी एचआरला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं की चित्रकाराने 'रेफरन्स फोटो'वरून काढलंय, फोटो कुठला ते विचारून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले. पिशवी दारामागच्या खिळ्याला आहे, त्यात इस्त्रीचे कपडे. मे महिन्यात भाची परत येणार आहे, तोवर काही कळलं तर बरं.